नेमिंग सर्व्हिसमध्ये कनेक्शन फॅक्टरी नोंदवताना: नाव, दुवा आणि पहिलं कनेक्शन

सर्व्हर नीट सुरू होतो, लॉगमध्ये लाल काही दिसत नाही, आणि पहिली रिक्वेस्ट आली की अ‍ॅप्लिकेशन कोसळतं. जेएनडीआयमध्ये, म्हणजे नावावरून वस्तू शोधून देणाऱ्या जावाच्या नेमिंग सर्व्हिसमध्ये, डेटासोर्स (डेटाबेसची कनेक्शन देणारी फॅक्टरी) किंवा मेसेजिंगची फॅक्टरी नोंदवताना हे वारंवार घडतं. नोंद होणं, नाव सापडणं आणि कनेक्शन मिळणं या तीन वेगळ्या घटना आहेत आणि त्या वेगवेगळ्या वेळी घडतात. पहिली झाली म्हणून पुढच्या दोन होतीलच असं नाही. म्हणून मांडणी आणि तपासणी दोन्ही याच क्रमाने करायची.

एक सूचना आधीच: इथे नावं देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी ठेवून टाइप करा. "ऑर्डर्सडीबी"मधला एक "डी" लहान पडला तर बहुतेक सर्व्हरांच्या लेखी ते दुसरंच नाव होतं.

नोंदीत नेमकं काय साठतं

नेमिंग सर्व्हिसमध्ये उघडं कनेक्शन कधीच ठेवलं जात नाही. बहुतेक वेळा फॅक्टरीची जिवंत वस्तूसुद्धा नसते, असतो तो "रेफरन्स". त्यात तीन गोष्टी असतात: कोणत्या क्लासची वस्तू हवी, ती कोणत्या ऑब्जेक्ट फॅक्टरीने घडवायची, आणि घडवताना लागणारे पत्ते व गुणधर्म. हे पत्ते साध्या अक्षरमालेत असतात: यूआरएल, वापरकर्ता, पूलचा (पुन्हापुन्हा वापरायच्या कनेक्शनच्या साठ्याचा) आकार वगैरे. कोणी लुकअप केला, म्हणजे नाव देऊन वस्तू मागितली, की नेमिंग मॅनेजर त्या ऑब्जेक्ट फॅक्टरीची "गेटऑब्जेक्टइन्स्टन्स" मेथड बोलावतो आणि तेव्हा कुठे खरी वस्तू तयार होते.

याचे व्यवहारातले परिणाम मोठे आहेत. रेफरन्समध्ये होस्टचं नाव चुकलं तरी नोंद बिनबोभाट होते. ड्रायव्हरचा (डेटाबेसशी बोलणाऱ्या कोडचा) जार सर्व्हरवर नसला तरी होते. पासवर्ड चुकीचा असला तरी होते. टॉमकॅट या सर्व्हरमध्ये तर पूलच पहिल्या लुकअपला तयार होतो, आणि "इनिशियलसाइझ" ० असल्याने डेटाबेसशी पहिला संपर्क थेट पहिल्या "गेटकनेक्शन"ला होतो. चूक लवकर कळावी असं वाटत असेल तर "इनिशियलसाइझ" किमान १ ठेवा. मग निदान लुकअपच्या वेळीच डेटाबेसचं दार ठोठावलं जातं.

तीन नावं, आणि ती वेगळी का ठेवायची

कोडमध्ये लिहिलेलं नाव, सर्व्हरवर नोंदलेलं नाव आणि या दोघांना जोडणारा दुवा, एवढं डोक्यात स्पष्ट असेल तर निम्मे घोळ होतच नाहीत.

कोडमधलं नाव "जावा:कॉम्प/एन्व्ह" या खोलीत, म्हणजे नावांच्या कप्प्यात, राहतं. ही खोली प्रत्येक वेब अ‍ॅप्लिकेशनची स्वतंत्र असते, त्यामुळे दोन अ‍ॅप्लिकेशन एकाच नावाने दोन वेगळे डेटाबेस वापरू शकतात. नावाच्या सुरुवातीच्या भागाची रूढी पाळावी: डेटासोर्सला "जेडीबीसी/", मेसेजिंगला "जेएमएस/", मेल सेशनला "मेल/", रिसोर्स अ‍ॅडाप्टरमार्फत (सर्व्हरला बाहेरच्या प्रणालीशी जोडणाऱ्या प्लगइनमार्फत) जोडलेल्या इतर प्रणालींना "ईआयएस/". ही सक्ती नाही. पण जेएनडीआयचं झाड उघडून बघताना हीच रूढी वेळ वाचवते.

सर्व्हरवरचं नाव सर्व्हरच्या नियमांनुसार. वाइल्डफ्लाय "जावा:/" किंवा "जावा:जेबॉस/" ने सुरू होणारं नावच स्वीकारतो. जावा ईई या सर्व्हरसाठीच्या जावा प्रमाणाच्या ६व्या आवृत्तीपासून (२००९) "जावा:ग्लोबल", "जावा:अ‍ॅप" आणि "जावा:मॉड्यूल" अशा आणखी तीन खोल्या मिळाल्या. जावा ईई ७पासून (२०१३) "जावा:कॉम्प/डिफॉल्टडेटासोर्स" आणि "जावा:कॉम्प/डिफॉल्टजेएमएसकनेक्शनफॅक्टरी" ही नावं तयारच असतात. प्रयोगाला ती छान आहेत, पण खऱ्या कामाच्या अ‍ॅप्लिकेशनने त्यांच्यावर विसंबू नये. त्यांच्यामागे काय आहे हे सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात असतं आणि ते तुम्हाला न सांगता बदलू शकतं.

दुवा "वेब.एक्सएमएल"मधल्या "रिसोर्स-रेफ" आणि सर्व्हरच्या स्वतःच्या फाइलमध्ये लिहितात. वाइल्डफ्लायला "जेबॉस-वेब.एक्सएमएल", वेबलॉजिकला "वेबलॉजिक.एक्सएमएल", ग्लासफिशला "ग्लासफिश-वेब.एक्सएमएल", टॉमकॅटला "रिसोर्सलिंक". जावा ईई ६पासून "रिसोर्स-रेफ"मध्येच "लुकअप-नेम" लिहिता येतं. मग सर्व्हरची फाइल लागत नाही, पण सर्व्हरवरचं नाव अ‍ॅप्लिकेशनच्या आत रुतून बसतं. चाचणी आणि उत्पादन सर्व्हरवर नावं सारखीच असतील तरच हा मार्ग घ्या.

"अ‍ॅट-रिसोर्स" अ‍ॅनोटेशनमध्ये "नेम" आणि "लुकअप" यांची अदलाबदल सगळ्यात जास्त होते. "नेम" हे "जावा:कॉम्प/एन्व्ह"च्या आतलं सापेक्ष नाव, तिथे फक्त "जेडीबीसी/ऑर्डर्सडीबी" लिहायचं. "लुकअप"मध्ये पूर्ण नाव, "जावा:"सकट. "नेम"मध्ये पूर्ण नाव टाकलं की सर्व्हर कुठला आहे त्यावर चूक अवलंबून राहते: एखादा चालवून घेतो, दुसरा आतल्या आत "एन्व्ह/जावा:कॉम्प/एन्व्ह" असं काहीतरी शोधत बसतो.

"रिसोर्स-रेफ"मधल्या "रेस-ऑथ"कडेही बघा. "कंटेनर" म्हणजे वापरकर्ता व पासवर्ड सर्व्हर पुरवणार. "अ‍ॅप्लिकेशन" म्हणजे कोड ते "गेटकनेक्शन"ला देणार. टॉमकॅटच्या डीबीसीपी या नेहमीच्या पूलला वापरकर्ता-पासवर्ड असलेलं "गेटकनेक्शन" चालत नाही, तो "अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन" फेकतो. ठोस कारण नसेल तर "कंटेनर"च ठेवा.

टॉमकॅटमध्ये डेटासोर्स, पायरीपायरीने

१. ड्रायव्हरचा जार टॉमकॅटच्या "लिब" फोल्डरमध्ये ठेवा. अ‍ॅप्लिकेशनच्या "वेब-इन्फ/लिब"मध्ये नको. पूल टॉमकॅटचा आहे, त्यामुळे ड्रायव्हर त्याच्या क्लासलोडरला (क्लास शोधून मेमरीत आणणाऱ्या भागाला) दिसला पाहिजे. दोन्हीकडे ठेवलात तर अधूनमधून "क्लासकास्टएक्सेप्शन" येईल आणि निरोपात दोन्ही बाजूंना एकच क्लास दिसेल. नाव एक, लोडर दोन.

२. एकापेक्षा जास्त अ‍ॅप्लिकेशन तोच डेटाबेस वापरणार असतील तर "कॉन्फ/सर्व्हर.एक्सएमएल"मधल्या "ग्लोबलनेमिंगरिसोर्सेस" या घटकात "रिसोर्स" लिहा. एकटंच असेल तर अ‍ॅप्लिकेशनच्या "मेटा-इन्फ/कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल"मध्ये लिहिलं तरी पुरे.

३. "रिसोर्स"मध्ये किमान हे गुणधर्म हवेत: "नेम" (फक्त "जेडीबीसी/ऑर्डर्सडीबी", पुढे "जावा:कॉम्प/एन्व्ह" जोडायचं नाही), "ऑथ" कंटेनर, "टाइप" म्हणजे "जावाएक्स.एसक्यूएल.डेटासोर्स", "ड्रायव्हरक्लासनेम", "यूआरएल", "यूजरनेम", "पासवर्ड", "मॅक्सटोटल", "मॅक्सआयडल", "मॅक्सवेटमिलिस".

४. यूआरएलमध्ये एकाहून जास्त पॅरामीटर असतील तर त्यांच्यामधलं अँपरसँड चिन्ह एक्सएमएलमध्ये तसंच टाकता येत नाही. अँपरसँड, लगेच "एएमपी" ही तीन अक्षरं आणि अर्धविराम, असं लिहावं लागतं. हे विसरलं की फाइलच वाचली जात नाही, आणि लॉगमधली तक्रार डेटाबेसबद्दल नसून एक्सएमएलबद्दल असते. त्यामुळे घाईत ती नजरेतून सुटते.

५. ग्लोबल नोंद केली असेल तर अ‍ॅप्लिकेशनच्या "कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल"मध्ये "रिसोर्सलिंक" द्या: "नेम" म्हणजे अ‍ॅप्लिकेशनमधलं नाव, "ग्लोबल" म्हणजे "सर्व्हर.एक्सएमएल"मधलं नाव, आणि "टाइप" तोच. ही पायरी गाळली की अ‍ॅप्लिकेशनला ग्लोबल नोंद दिसतच नाही.

६. कोडमध्ये "इनिशियलकॉन्टेक्स्ट" घ्या, "जावा:कॉम्प/एन्व्ह/जेडीबीसी/ऑर्डर्सडीबी"चा लुकअप करा आणि मिळालेला डेटासोर्स एकदाच फील्डमध्ये धरून ठेवा. कनेक्शन मात्र कधी धरून ठेवायचं नाही. दर कामाला घ्यायचं आणि "ट्राय-विथ-रिसोर्सेस"मध्ये बंद करायचं. इथे बंद करणं म्हणजे पूलमध्ये परत देणं.

आता एक निरोप जवळून बघू. लॉगमध्ये येतं: "कॅनॉट क्रिएट जेडीबीसी ड्रायव्हर ऑफ क्लास" आणि पुढे रिकामी अवतरणचिन्हं, मग "फॉर कनेक्ट यूआरएल नल". वाचणारा लगेच ड्रायव्हरच्या जारमागे लागतो. जार बदलतो, आवृत्ती बदलतो, सर्व्हर पुन्हा चालू करतो. पण क्लासचं नाव रिकामं आहे आणि यूआरएल "नल" आहे, याचा अर्थ पूलला तुमचे गुणधर्म पोहोचलेच नाहीत. "वेब.एक्सएमएल"मधल्या "रिसोर्स-रेफ"ला जुळणारा "रिसोर्स" किंवा "रिसोर्सलिंक" टॉमकॅटला सापडला नाही, म्हणून त्याने टाइप बघून एक रिकामा डेटासोर्स घडवला आणि तो तुमच्या हातात ठेवला. लुकअप यशस्वी होण्याचं गूढही इथेच उकलतं. उपाय एकच: दोन्हीकडचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा, आणि "कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल" खरोखर वॉर फाइलच्या (अ‍ॅप्लिकेशनच्या पॅकेजच्या) मुळाशी असलेल्या "मेटा-इन्फ"मध्ये गेली आहे का ते वॉर उघडून पाहा. बिल्ड टूल ती बरेचदा "वेब-इन्फ/क्लासेस/मेटा-इन्फ"मध्ये टाकतं. तिथे तिला कोणी विचारत नाही.

दुसरा सापळा जुन्या उदाहरणांचा. टॉमकॅट ७पर्यंत "मॅक्सअ‍ॅक्टिव्ह" आणि "मॅक्सवेट" हे गुणधर्म होते. टॉमकॅट ८पासून डीबीसीपी २ आला आणि ते "मॅक्सटोटल" आणि "मॅक्सवेटमिलिस" झाले. जुनं नाव वापरलं तर सर्व्हर थांबत नाही. एक इशारा छापतो की "मॅक्सअ‍ॅक्टिव्ह" आता वापरलं जात नाही आणि तुमची किंमत दुर्लक्षित होत आहे. मग "मॅक्सटोटल" मूळ किमतीवर (काही न दिल्यास लागू होणाऱ्या आकड्यावर) राहतं, म्हणजे ८. पन्नासचा पूल आहे अशा समजुतीत अ‍ॅप्लिकेशन आठवर चालतं, आणि गर्दीच्या वेळी सगळे थ्रेड कनेक्शनची वाट बघत उभे राहतात. "मॅक्सवेटमिलिस"ची मूळ किंमत वजा १, म्हणजे अनंत काळ वाट. ती नेहमी बदला. १०,००० मिलिसेकंद ठेवलेत तर दहा सेकंदांनी निदान स्पष्ट एक्सेप्शन मिळेल.

टॉमकॅटचा स्वतःचा दुसरा पूलही आहे. "फॅक्टरी" या गुणधर्मात "ऑर्ग.अपाचे.टॉमकॅट.जेडीबीसी.पूल.डेटासोर्सफॅक्टरी" दिलं की तो लागू होतो. त्याच्यात मात्र "मॅक्सअ‍ॅक्टिव्ह" हेच योग्य नाव आहे आणि मूळ किंमत १००. इंटरनेटवरून उदाहरण उचलताना ते कुठल्या पूलचं आहे हे आधी बघा.

स्प्रिंग बूटच्या आतल्या टॉमकॅटमध्ये जेएनडीआय मुळात बंदच असतं. ते "इनेबलनेमिंग" बोलावून उघडावं लागतं. पण सर्व्हरच अ‍ॅप्लिकेशनच्या पोटात असेल तर जेएनडीआयची गरज खरंच आहे का, हे आधी स्वतःला विचारा. बहुतेकदा नसते.

वाइल्डफ्लाय आणि ग्लासफिश

वाइल्डफ्लायमध्ये क्रम महत्त्वाचा: आधी ड्रायव्हर, मग डेटासोर्स. ड्रायव्हरचा जार साध्या डिप्लॉयमेंटसारखा टाकता येतो. त्या वेळी ड्रायव्हरचं नाव म्हणजे जार फाइलचं नाव, आवृत्तीच्या आकड्यासकट. पुढे जार बदलला की डेटासोर्स अनाथ होतो आणि लॉगमध्ये गायब अवलंबित सर्व्हिसची तक्रार येते. म्हणून कायमच्या वापरासाठी ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बसवा आणि त्याला स्वतःचं साधं नाव द्या. मग "जेबॉस-सीएलआय"मध्ये "डेटा-सोर्स अ‍ॅड" चालवून "नेम", "जेएनडीआय-नेम", "ड्रायव्हर-नेम", "कनेक्शन-यूआरएल", "मिन-पूल-साइझ" आणि "मॅक्स-पूल-साइझ" द्या. कमाल आकार दिला नाही तर तो २० असतो. लगेच "टेस्ट-कनेक्शन-इन-पूल" हे ऑपरेशन चालवा, आणि "/सबसिस्टिम=नेमिंग:जेएनडीआय-व्ह्यू" चालवून झाड बघा. या दोन आज्ञांनी नाव आणि कनेक्शन दोन्हींची खात्री अ‍ॅप्लिकेशन न चढवताच होते.

ग्लासफिश पूल आणि नाव या दोन गोष्टी सरळ वेगळ्या ठेवतो: "क्रिएट-जेडीबीसी-कनेक्शन-पूल"ने पूल, मग "पिंग-कनेक्शन-पूल"ने तपास, आणि शेवटी "क्रिएट-जेडीबीसी-रिसोर्स"ने त्या पूलला नाव. एकाच पूलला दोन नावंही देता येतात. पहिल्या आज्ञेत गुणधर्म विसर्गचिन्हासारख्या कोलनने वेगळे होतात, त्यामुळे यूआरएलमधल्या प्रत्येक कोलनआधी बॅकस्लॅश लागतो. शेल स्वतः एक बॅकस्लॅश गिळत असेल तर दोन. पिंग नापास झाला की पहिला संशय इथेच घ्यावा.

मेसेजिंगची फॅक्टरी: चुकीची निवडली तर चूक दिसतही नाही

डेटासोर्समधली चूक आरडाओरडा करते. जेएमएस (जावाची मेसेजिंगची पद्धत) कनेक्शन फॅक्टरीमधली चूक गप्प बसते, आणि म्हणून तिच्यावर जास्त लक्ष हवं.

वाइल्डफ्लायमध्ये मेसेजिंग हवं असेल तर सर्व्हर "स्टँडअलोन-फुल.एक्सएमएल"ने सुरू करा, साध्या "स्टँडअलोन.एक्सएमएल"मध्ये ते सबसिस्टिम नसतं. त्यात सहसा तीन फॅक्टऱ्या आधीच असतात. "जावा:/कनेक्शनफॅक्टरी" ही त्याच जेव्हीएममधल्या, म्हणजे त्याच जावा प्रोसेसमधल्या, कोडसाठी, पूल नसलेली. "जावा:जेबॉस/एक्सपोर्टेड/जेएमएस/रिमोटकनेक्शनफॅक्टरी" ही बाहेरच्या क्लायंटसाठी. आणि "जावा:/जेएमएसएक्सए" ही रिसोर्स अ‍ॅडाप्टरमार्फत येणारी, पूल असलेली आणि ट्रान्झॅक्शनमध्ये सामील होणारी.

सर्व्हरच्या आतल्या कोडने तिसरीच वापरायची. पहिली वापरली तरी मेसेज जातो, चाचणी पास होते, कोणाला काही खटकत नाही. पण तो मेसेज कंटेनरच्या ट्रान्झॅक्शनच्या बाहेर गेलेला असतो. डेटाबेसचं काम मागे फिरलं तरी मेसेज मागे फिरत नाही, आणि रद्द झालेल्या ऑर्डरची सूचना पुढे निघून गेलेली असते. शिवाय दर वेळी नवं कनेक्शन उघडल्याने वेगही पडतो. पडताळणी सोपी आहे: मेसेज पाठवून झाल्यावर मुद्दाम "सेटरोलबॅकओन्ली" करा आणि रांगेतली संख्या बघा. वाढली असेल तर फॅक्टरी चुकली.

स्वतःची पूल असलेली फॅक्टरी नोंदवायची तर "मेसेजिंग-अ‍ॅक्टिव्हएमक्यू" सबसिस्टिममध्ये "पूल्ड-कनेक्शन-फॅक्टरी" जोडा. "एन्ट्रीज"मध्ये जेएनडीआय नावं आणि "कनेक्टर्स"मध्ये कनेक्टर द्या. "एन्ट्रीज" ही यादी असते, त्यामुळे एकाच फॅक्टरीला दोन नावं चालतात.

बाहेरच्या क्लायंटसाठी नाव "जावा:जेबॉस/एक्सपोर्टेड/" खाली असलंच पाहिजे, आणि क्लायंटने लुकअप करताना हा भाग गाळायचा. तो फक्त "जेएमएस/रिमोटकनेक्शनफॅक्टरी" मागतो. यानंतरची ठेच अशी: लुकअप होतो, फॅक्टरी हातात येते, आणि कनेक्शन मात्र भलत्याच होस्टकडे जाऊ बघतं. क्लायंटला मिळालेल्या फॅक्टरीत सर्व्हरच्या कनेक्टरचा पत्ता भरलेला असतो. सर्व्हर सगळ्या इंटरफेसवर, म्हणजे ०.०.०.० वर ऐकत असेल तर तो त्या जागी मशीनचं होस्टनेम भरून देतो. ते नाव क्लायंटच्या बाजूला सोडवता येत नसेल तर सगळं तिथेच अडतं. डॉकरसारख्या कंटेनरमध्ये चालणाऱ्या सर्व्हरांना हा त्रास हमखास होतो. कनेक्टरला क्लायंटला पोहोचता येईल असा पत्ता स्पष्टपणे द्या.

आयबीएम एमक्यू या मेसेजिंग सर्व्हरची तऱ्हा वेगळी. तिथे "जेएमएसअ‍ॅडमिन" हे साधन फॅक्टरीचा रेफरन्स एलडॅप या नेटवर्कवरच्या डिरेक्टरीत किंवा साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. फाइलचा मार्ग घेतला तर इनिशियल कॉन्टेक्स्ट फॅक्टरी "रेफएफएसकॉन्टेक्स्टफॅक्टरी" आणि प्रोव्हायडर यूआरएल म्हणजे एक फोल्डर. त्या फोल्डरमध्ये ".बाइंडिंग्ज" नावाची फाइल तयार होते. नाव टिंबाने सुरू होत असल्याने लिनक्सवर ती लपलेली असते आणि कॉपी करताना हमखास मागे राहते. फॅक्टरी घडवताना ट्रान्सपोर्ट "क्लायंट" आहे ना ते बघा. तो दिला नाही तर "बाइंडिंग्ज" धरला जातो, आणि त्यासाठी क्यू मॅनेजर त्याच मशीनवर लागतो. पोर्ट सहसा १४१४.

रिसोर्स अ‍ॅडाप्टर

डेटाबेस किंवा मेसेजिंग नसलेल्या प्रणालींसाठी रार फाइल (रिसोर्स अ‍ॅडाप्टरचं पॅकेज) येते. आधी रार चढवा. मग तिच्या "आरए.एक्सएमएल"मधलं कनेक्शन डेफिनिशन निवडून पूल करा आणि शेवटी त्याला "ईआयएस/" खालचं नाव द्या. ग्लासफिशमध्ये यासाठी "क्रिएट-कनेक्टर-कनेक्शन-पूल" आणि "क्रिएट-कनेक्टर-रिसोर्स" या आज्ञा आहेत. सर्व्हर आतून मॅनेज्ड कनेक्शन फॅक्टरीला स्वतःचा कनेक्शन मॅनेजर देऊन कनेक्शन फॅक्टरी घडवून घेतो, आणि नेमिंगमध्ये ती ठेवली जाते. अ‍ॅडाप्टर तुम्हीच लिहीत असाल तर या कनेक्शन फॅक्टरीने "सिरियलायझेबल" आणि "रेफरन्सेबल" दोन्ही इंटरफेस अंगीकारायला हवेत. आणि अ‍ॅडाप्टरचे इंटरफेस क्लास अ‍ॅप्लिकेशनच्या वॉरमध्ये पुन्हा भरू नका. वर सांगितलेलं दोन लोडरांचं भूत इथेही उभं राहतं.

हाताने बाइंड करताना

सर्व्हरबाहेरच्या प्रोग्रामसाठी स्वतः नोंद करायची वेळ आली तर चार गोष्टी सांभाळा. "जेएनडीआय.प्रॉपर्टीज" फाइल क्लासपाथवर ठेवा. नाहीतर "नोइनिशियलकॉन्टेक्स्टएक्सेप्शन" येतं, युनिट टेस्टमध्ये दिसतं ते हेच. "जेडीबीसी/ऑर्डर्सडीबी" बाइंड करण्याआधी "जेडीबीसी" हा सबकॉन्टेक्स्ट "क्रिएटसबकॉन्टेक्स्ट"ने तयार करा, कारण मधली पायरी आपोआप बनेलच असं नाही. "बाइंड" नाव आधीच असेल तर "नेमऑलरेडीबाउंडएक्सेप्शन" देतो, "रीबाइंड" गुपचूप पुसून लिहितो. सामायिक डिरेक्टरीत "रीबाइंड" जपून वापरा, दुसऱ्या संघाची नोंद उडेल आणि कुठेही आवाज होणार नाही. आणि प्रोव्हायडर काय साठवू शकतो ते बघा: फाइल सिस्टिमवाल्याला रेफरन्स किंवा रेफरन्सेबल वस्तूच लागते. टॉमकॅटमध्ये अ‍ॅप्लिकेशनला "जावा:कॉम्प/एन्व्ह" फक्त वाचता येतं, तिथे बाइंड करायचा प्रयत्न नकोच.

आकडे

पूलचा कमाल आकार गुणिले सर्व्हरांची संख्या, हा गुणाकार डेटाबेसच्या मर्यादेपेक्षा कमी हवा. पोस्टग्रेसमध्ये मूळ मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. मायएसक्यूएलमध्ये १५१. चार सर्व्हरांवर तीस-तीसचा पूल म्हणजे १२०. पोस्टग्रेस मूळ मांडणीत हे पेलणार नाही, आणि ते गर्दीच्या दिवशीच कळेल.

मायएसक्यूएल रिकामं पडलेलं कनेक्शन २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी तोडतं. पूलला याचा पत्ता नसतो. सकाळची पहिली रिक्वेस्ट नापास आणि दुसरी पास, असं दिसलं तर कारण बहुधा हेच. मधली फायरवॉल याहून कितीतरी लवकर तोडू शकते. देण्याआधी तपासणी चालू ठेवा, आणि पूलमधल्या कनेक्शनचं कमाल आयुष्य डेटाबेस व फायरवॉल या दोघांच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवा.

एक्सए डेटासोर्स (अनेक प्रणाली एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधणारा) तेव्हाच नोंदवा जेव्हा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये खरंच दोन प्रणाली असतात. पोस्टग्रेसवर त्यासाठी "मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स" वाढवावं लागतं. मूळ किंमत ० असल्याने नोंद, लुकअप, कनेक्शन सगळं होतं आणि प्रिपेअरच्या (कमिटआधीच्या तयारीच्या) क्षणी काम फसतं.

नाव आहे, तरी सापडत नाही

"नेमनॉटफाउंडएक्सेप्शन" आलं तर आधी पाहा की लुकअप कुठल्या थ्रेडवर होतोय. "जावा:कॉम्प" ही खोली थ्रेडच्या संदर्भावरून ठरते. स्वतः "न्यू थ्रेड" केलेला किंवा "कम्प्लीटेबलफ्युचर"ने सामायिक पूलवर टाकलेला कोड कंटेनरच्या लेखी कोणाचाच नसतो. तिथे रिक्वेस्टच्या थ्रेडवर चालणारं नाव सापडत नाही. एकतर लुकअप सुरुवातीलाच करून डेटासोर्स पुढे द्या, नाहीतर "जावा:कॉम्प/डिफॉल्टमॅनेज्डएक्झिक्युटरसर्व्हिस" वापरा.

टॉमकॅट १० किंवा जकार्ता ईई (जावा ईईचं नवं नाव) ९पासूनच्या सर्व्हरवर गेलात तर दुसरी गंमत आहे. "जावाएक्स.जेएमएस"चं "जकार्ता.जेएमएस" झालं, "जावाएक्स.रिसोर्स"चंही तसंच. पण "जावाएक्स.नेमिंग" आणि "जावाएक्स.एसक्यूएल" जावाच्या मूळ आवृत्तीचा भाग असल्याने होते तसेच राहिले. सरसकट शोधा-आणि-बदला केलं की डेटासोर्सचा "टाइप"सुद्धा बदलतो, आणि जगात नसलेल्या क्लासचा शोध सुरू होतो. उलट जुना जेएमएस क्लायंट जार मागे राहिला तर लुकअप होतो आणि कास्ट फसतो.

लुकअपचं नाव कधीही बाहेरून आलेल्या मजकुरातून बनवू नका. डिसेंबर २०२१मध्ये गाजलेली लॉग४जे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीची त्रुटी, सीव्हीई-२०२१-४४२२८, याच वाटेने आली होती: लॉगमध्ये छापायच्या मजकुरातलं नाव जेएनडीआयकडे जात होतं आणि रेफरन्स हल्लेखोराच्या एलडॅप सर्व्हरवरून येत होता. जेडीके ८च्या १९१व्या अपडेटपासून एलडॅपवरून दूरचा क्लास उतरवणं मुळात बंद असतं. ते चालू करणारा "ट्रस्टयूआरएलकोडबेस" हा गुणधर्म कोणी सुचवला तरी लावू नका.

नोंद बदलताना

पासवर्ड किंवा होस्ट बदलून नोंद पुन्हा केली, जेएनडीआय झाडात नवी किंमत दिसतेय, तरी अ‍ॅप्लिकेशन जुन्याच डेटाबेसशी बोलतंय, असं झालं तर नेमिंग सर्व्हिसला दोष देऊ नका. अ‍ॅप्लिकेशनने सुरुवातीला लुकअप करून धरलेली फॅक्टरी जुन्या रेफरन्सपासून बनलेली आहे आणि तिच्यामागचा पूल जिवंत आहे. क्रम असा ठेवा: नवी नोंद वेगळ्या नावाने करा, तिची कनेक्शन चाचणी घ्या, दुवा नव्या नावाकडे वळवा, अ‍ॅप्लिकेशन पुन्हा डिप्लॉय करा. जुन्या पूलमधली सक्रिय कनेक्शन शून्यावर आली की मगच जुनी नोंद काढा.